गाडीसाठी गाडी: रेल्वेचे फोटो काढायला वाहन कसं निवडावं

रेल्वेप्रेमींच्या गप्पांत वाहनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिंद्राची थार घेऊ की मारुतीची जिम्नी? प्रश्नच चुकलेला. वाहन हळू होतं म्हणून फोटो हुकला असं क्वचितच घडतं. फाटक बंद झालं, उभं राहायला जागा नव्हती, चिखलात वळवता आलं नाही, कॅमेरा डिकीत तळाला होता, एसीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर धुकं धरलं, ही खरी कारणं. म्हणून वाहन पहिल्या दोनशे किलोमीटरवरून निवडू नका, शेवटच्या दोन किलोमीटरवरून निवडा.

खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे मॉडेल पाहण्यापासून सुरुवात करतात. पहिल्या टप्प्यावर परत येईपर्यंत हप्ते सुरू झालेले असतात. आणि घोळ नको म्हणून: या लेखात रुळावरची ती गाडी, रस्त्यावरचं ते वाहन.

## टप्पा १: आधी जागांची यादी

कागदावर दहा जागा लिहा. पुढच्या वर्षभरात जिथे तुम्ही खरोखर जाणार आहात त्याच. दूधसागर सगळ्यांच्या यादीत असतो, पण तिथे कितीदा जाणं होणार आहे? प्रत्येक जागेपुढे पाच गोष्टी भरा:

- डांबरी रस्ता संपल्यावर किती अंतर, आणि खाली काय: मुरूम, लाल माती, काळी माती की कातळ
- तो रस्ता किती रुंद
- वाहन उभं करायला जागा कुठे, आणि वळवायला कुठे
- तिथून पायी किती चालायचं
- कोणत्या महिन्यात जाणार

ही यादी झाली की निम्मा निर्णय आपोआप होतो, कारण महाराष्ट्रात जमीन बदलली की वाहनाची गरज बदलते.

भोर घाट आणि थळ घाट. कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी, दोन्हीकडे चढ १:३७ चा. इथे रूळ बराचसा रस्त्यापासून दूर, दरीच्या पलीकडून जातात. पाठलाग, म्हणजे एकाच गाडीला पुढच्या पुढच्या जागी गाठत जाणं, इथे होतच नाही. एक जागा धरून दिवसभर बसायचं आणि उरलेलं काम पायांचं. साधी हॅचबॅक पुरते.

कोकण रेल्वे. राष्ट्रीय महामार्ग ६६ सोबतीला आहे म्हणून लोक पाठलागाला निघतात. पण महामार्ग सोडला की वाडीपर्यंतचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि समोरून एसटी. रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलासारख्या जागी जायचं तर वाहनाच्या ताकदीपेक्षा त्याची रुंदी आडवी येते. कातळाच्या सड्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे दुचाकी घसरते.

दौंड–सोलापूर, दौंड–मनमाड. सपाट, मोकळं, लांबून येणारी गाडी दिसते. उन्हाळ्यात कुठलंही वाहन चालतं. पाऊस पडला की काळ्या मातीत काहीच चालत नाही. याबद्दल टप्पा ५ मध्ये सविस्तर.

पुणे–मिरज. शिंदवणे घाट, मग जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार. रस्ता आणि रूळ एकमेकांना सोडतात, पुन्हा भेटतात. पाठलाग शिकायला हा मार्ग चांगला. मात्र आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवड–जेजुरी–वाल्हे–नीरा–लोणंद अशी याच रस्त्याने जाते. त्या दिवसांत तुमचं वाहन कोणतं आहे याने काहीच फरक पडत नाही.

नेरळ–माथेरान. वाहन दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे मोटार नेता येत नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशा ठिकाणी रस्ता रुळाजवळ येतो, त्या जागा आधी ठरवा. घाट अतिशय उभा आहे. तिथले टॅक्सीवाले कोणती वाहनं वापरतात ते बघा: आखूड, हलकी आणि कमी लांबीत वळणारी.

तपासा: दहापैकी सहापेक्षा जास्त जागांवर डांबरी रस्त्यापासून पायी पाच मिनिटांत पोचता येत असेल, तर उंच चाकांच्या वाहनाचा विचार तिथेच थांबवा. वाचलेल्या पैशांत लेन्स येते.

## टप्पा २: पाठलागाचा हिशेब कागदावर करा

मेल-एक्सप्रेस ११० च्या वेगाने धावत असेल, काही मार्गांवर १३० ने, तर ती रस्त्याने गाठता येत नाही. कायद्यात राहून तर नाहीच. गाठता येते ती थांबणारी गाडी: पॅसेंजर, एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, उभी राहणारी, कर्जत-कसाऱ्याला मागून बँकर (चढावर ढकलणारं जादा इंजिन) लावून घेणारी, किंवा सिग्नलला अडकलेली मालगाडी. कोकणात दिवा–सावंतवाडी आणि मांडवी एक्सप्रेस या दोन गाड्या याच कारणासाठी सोयीच्या. दोन्ही दिवसा धावतात आणि वाटेत थांबतात.

हिशेब असा. समजा गाडी एका स्टेशनातून सुटली आणि पुढची जागा रुळाने २२ किलोमीटरवर आहे. तिला २६ मिनिटं लागतात. रस्त्याने ती जागा २७ किलोमीटरवर. राज्य मार्गावर गावं, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या धरून सरासरी ४५ च्या वर जात नाही. म्हणजे ३६ मिनिटं. त्यात उभं करायला ३, चालायला ५, कॅमेरा लावायला २ आणि राखीव ५ अशी पंधरा मिनिटं मिळवा. एकूण ५१. गाडी तिथून जाऊन २५ मिनिटं झालेली असतील.

इथे बहुतेक जण जास्त ताकदीचं इंजिन शोधू लागतात. २५ मिनिटांची तूट इंजिनाने भरून निघत नाही. ती भरते ती जागा सोडून पुढच्या मोठ्या थांब्यापलीकडची जागा धरल्याने. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांची आठ करणं, त्याने तूट सात मिनिटांनी कमी होते. वाहनाची निवड या दुसऱ्या गोष्टीसाठी असते. छोटं वाहन तीन मिनिटांऐवजी एका मिनिटात उभं राहतं, दुचाकी पायवाटेच्या तोंडापर्यंत जाते. मिळकत इतकीच आहे, पण खरी आहे.

सावधान: मार्ग आखताना रूळ शक्य तेवढे कमी वेळा ओलांडा. ज्या गाडीच्या मागे लागलात तिच्यासाठीच फाटक बंद होतं, तेही ती येण्याच्या बऱ्याच आधी. उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग नसेल तर ज्या बाजूला प्रकाश आहे त्याच बाजूने राहा. पावसाळ्यात रुळाखालच्या भुयारी मार्गांत पाणी साचतं, तो पर्याय जून ते सप्टेंबर बाद.

प्रकाशाचाही एक रकाना ठेवा. कर्जतहून लोणावळ्याकडे रूळ साधारण आग्नेयेला जातात, त्यामुळे सकाळी पुण्याकडे येणाऱ्या इंद्रायणीचं, डेक्कन एक्सप्रेसचं तोंड उजळतं. बिचाऱ्या डेक्कन क्वीनच्या मात्र दोन्ही वेळा पाठीवर ऊन: सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी पुण्याकडे. तिच्यासाठी ढगाळ दिवस बरा.

## टप्पा ३: दुचाकी की चारचाकी

चार प्रश्न, याच क्रमाने.

१. किती जण? एकटे असाल तर दुचाकीकडे झुका. पण पाठलाग दोघांनी करायचा असतो: एक चालवतो, दुसरा गाडी कुठे पोचली ते दाखवणारं ॲप, एनटीईएस किंवा व्हेअर इज माय ट्रेन, बघतो. चालवणाऱ्याने फोन बघत पाठलाग करणं ही या छंदातली सगळ्यात धोकादायक सवय. एकट्याने जायचं तर पाठलाग नकोच. जागा धरून बसा.

२. पावसात किती? आपल्याकडचे चांगले फोटो जून ते सप्टेंबरमधले, घाटातले. वर्षाला दहापेक्षा जास्त पावसाळी दिवस असतील तर चारचाकी. कॅमेरा कोरडा राहतोच, शिवाय दोन गाड्यांच्या मधल्या दोन तासांत तुम्हीही कोरडे राहता.

३. सामान किती? एक बॉडी, दोन लेन्स, पाठीवरची पिशवी: दुचाकी. चारशे-पाचशे मिलिमीटरची लेन्स, तिपाई, व्हिडिओचा माइक: चारचाकी.

४. रस्ता कोणता? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. खोपोलीहून खंडाळ्याला दुचाकीने जाताना शिंग्रोबाच्या जुन्या घाटाने चढावं लागतं. वेळेच्या हिशेबात हे धरलं नाही तर पहिलाच फोटो जातो.

## टप्पा ४: दुचाकी ठरली तर

स्कूटर हलकी, गर्दीत सोयीची, पायाजवळ पिशवी राहते. उणीव चाकांत आहे. ॲक्टिवाचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची, खड्ड्यात आणि सुट्या खडीवर हँडल हिसके देतं. टाकी ५.३ लिटरची, म्हणजे दिवसभराच्या भटकंतीत एकदा पंप शोधावाच लागतो. शहराजवळच्या जागांसाठी उत्तम, त्यापलीकडे नको.

शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटरसायकल हा खरं तर सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. स्प्लेंडरला १८ इंची चाकं आणि ९.८ लिटरची टाकी. अरुंद बांधावरून एकट्याने उचलून वळवता येते, कुठल्याही गावात दुरुस्त होते. दोन माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना दमते, तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

एक्सपल्स २०० किंवा हिमालयन ४५० वर लोक भाळतात ते जमिनीपासूनच्या उंचीमुळे: पहिलीला २२० मिलिमीटर, दुसरीला २३०. त्याच कागदावरचा सीटच्या उंचीचा आकडा मात्र वाचत नाहीत. दोघींचीही सीट ८२० च्या पुढे. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाचे पाय उताराच्या कच्च्या वाटेवर टेकत नाहीत आणि थांबता थांबता दुचाकी आडवी होते, पाठीवर कॅमेऱ्यासकट. शोरूमच्या फरशीवर बसून बघू नका. फुटपाथच्या कडेला, एक पाय खाली सोडून बसा.

दुचाकीवर नेहमी होणाऱ्या चुका:

- कॅमेरा मागच्या कॅरियरवरच्या पेटीत ठेवणं. तिथे हादरे सगळ्यात जास्त, लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात. कॅमेरा अंगावर घ्या, पेटीत रेनकोट आणि हत्यारं.
- फोन थेट हँडलवर लावणं. सततच्या कंपनाने त्याच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. कंपन शोषणारा माउंट घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून कानात सूचना ऐका.
- साइड स्टँड ओल्या मातीत टेकवणं. दहा मिनिटांत रुततो. हाताच्या पंजाएवढी प्लायची चकती दोरीला बांधून हँडलला अडकवून ठेवा.
- पंक्चरचा विचार न करणं. स्पोकच्या चाकात ट्यूब असेल तर चाक उतरवावं लागतं. ते स्वतः करता येत नसेल तर ट्यूबलेस टायरची दुचाकी घ्या.

## टप्पा ५: चारचाकी ठरली तर

आता मॉडेल. इथेही क्रम आहे, आणि शोरूममधल्या क्रमाच्या तो बरोबर उलटा आहे.

अ) रुंदी आणि लांबी. एकेरी ग्रामीण रस्ता फार तर पावणेचार मीटर रुंद. समोरून येणारी एसटी सुमारे अडीच मीटर. वॅगन-आरची रुंदी १.६२ मीटर, स्कॉर्पिओ-एनची १.९२. दोन्ही वेळा कुणीतरी साइडपट्टीवर उतरणारच, पण ती ३० सेंटिमीटर म्हणजे चाक मुरुमावर की गटारात एवढा फरक.

आ) वळण्याची त्रिज्या. वॅगन-आर ४.७ मीटर, स्विफ्ट ४.८, जिम्नी ५.७. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर यातलं कुठलंही एका दमात वळत नाही, पण छोटं वाहन शेताच्या फाटकात मागे घेऊन तीन हालचालींत वळतं, मोठ्याला सहा-सात लागतात. मागचा कॅमेरा असेल तर चिखलाने बरबटल्यावर तो आंधळा होतो, हेही ध्यानात असू द्या.

इ) जमिनीपासूनची उंची. डांबर आणि मुरमासाठी १६५ ते १७० मिलिमीटर पुरतात. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जायचं असेल, मधे गवताचा उंचवटा असेल, तर किमान १८० हवी. इग्निस, बोलेरो १८० मध्ये बसतात, जिम्नी २१० ला. चार माणसं आणि सामान भरल्यावर मागून वाहन बसतं, म्हणून भरलेल्या अवस्थेत स्वतः टेप लावून मोजा.

ई) दारं, काचा, आवाज. वाहनातून फोटो काढायची वेळ येतेच, विशेषतः पावसात. चालकाशेजारची आणि मागच्या दाराची काच पूर्ण खाली जाते का बघा. काही मॉडेलांत मागची काच अर्धीच उतरते. काचेतून फोटो काढायचा नाही, काच कितीही स्वच्छ असली तरी. खिडकीवर टेकवायला शिवलेली पिशवी ठेवा, दीड किलोची. तांदूळ भरलेत तर पावसाळ्यात किडे होतात, प्लॅस्टिकचे दाणे भरा.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक वेगळी चाचणी. वाहन वीस मिनिटं चालवून थांबवा, इंजिन बंद करा आणि कान द्या. रेडिएटरचा पंखा नंतरही फिरत राहतो का, किती वेळ? घाट चढून आलेल्या काही वाहनांत तो मिनिट-दोन मिनिटं घरघरतो, आणि लांबून येणाऱ्या इंजिनाचा हॉर्न त्यात बुडतो. असं वाहन टाकून द्यायचं कारण नाही, माइकपासून तीस-चाळीस पावलं दूर उभं करायचं एवढंच.

उ) इंधन. सीएनजी स्वस्त पडतो, पण बऱ्याच मॉडेलांत टाकी डिकी खाते, आणि शनिवारी सकाळी पंपावरची रांग वेळेच्या हिशेबात बसत नाही. चढावर ताकद कमी वाटते, घाटात पेट्रोलवर बदला. विजेवरचं वाहन व्हिडिओसाठी आदर्श, आवाजच नाही. पण पाठलागाची वाट आधी ठरत नाही आणि चार्जर ठरलेल्या जागीच असतो. एक जागा धरून बसणाऱ्याला चालेल, पाठलाग करणाऱ्याला जड जाईल.

ऊ) फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. सगळ्यात शेवटी, कारण याची गरज सगळ्यात कमी जणांना. लाल मातीच्या चढावर, ओल्या गवताच्या उतारावर ते उपयोगी पडतं. काळ्या मातीत मात्र ते फसवं आहे: माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि चारही चाकं एकाच वेळी जागच्या जागी फिरू लागतात. रस्त्याचे टायर लावलेली थार तिथे साध्या हॅचबॅकपेक्षा पन्नास मीटर पुढे जाऊन अडकते. ट्रॅक्टर तेवढा लांब. पावसानंतर काळ्या रानात वाहन घालायचंच नाही, डांबरावर ठेवून चालत जायचं.

सावधान: पुढची चाकं ओढणारं वाहन (बहुतेक हॅचबॅक) ओल्या चढावर पुढून जाताना घसरतं, कारण भार मागे जातो. तोच चढ मागे घेत, रिव्हर्समध्ये, बऱ्याचदा चढता येतो. तरी नियम एकच: ज्या उतारावर पायी उतरून परत चढून पाहिलं नाही, तिथे वाहन उतरवायचं नाही.

## टप्पा ६: घेण्याआधी एक दिवस भाड्याने

आवडलेलं मॉडेल स्वतः चालवायच्या भाड्याने एक दिवस घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलंच. पांढऱ्या पाटीचं खासगी वाहन भाड्याने घेतलं तर अपघातात विम्याची अडचण होते. यादीतल्या तीन जागांवर जा, सगळं सामान आणि नेहमीचा जोडीदार घेऊन. घड्याळ लावून मोजा:

- वाहन थांबल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती सेकंद (दोन मिनिटांच्या आत हवेत)
- उलट दिशेला तोंड करायला किती हालचाली
- दोन तास आत बसून राहिल्यावर पाठीची काय अवस्था

तिसरा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. या छंदात वाहन जेवढं चालतं त्याहून जास्त वेळ उभं असतं.

## टप्पा ७: जुनं घेत असाल तर

छंदासाठी जुनं वाहन हाच शहाणपणा, ओरखडे तर पहिल्याच महिन्यात येणार आहेत. नेहमीची तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. खालच्या गोष्टी मात्र तुम्हीच बघा.

पाण्यात बुडालेलं वाहन. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली, कोल्हापूर, चिपळूण भागातली कितीतरी वाहनं पाण्याखाली गेली. स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहिलेला असतो. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती, कार्पेटखाली ओल आणि कुबट वास. यातली एक खूण दिसली तरी नको म्हणा. आत गंजलेल्या वायरी नेमक्या पावसाळ्यात दगा देतात, आणि तुम्ही बाहेर पडणार पावसाळ्यातच.

किनाऱ्यालगत वापरलेलं वाहन. खारी हवा तळ खाते. दारांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सरची जोडणी टॉर्च मारून बघा.

स्टेपनी. पूर्ण आकाराची आहे का? बारक्या तात्पुरत्या चाकावर ८० च्या पुढे जाता येत नाही, मुरमावर तर जाऊच नका.

कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करा. वाहन १५ वर्षांच्या जवळ आलं असेल तर पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरा. परराज्यातलं वाहन स्वस्त दिसतं, पण १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायचं तर इथली नोंदणी आणि कर भरावा लागतो.

पुढे लोखंडी बुलबार असेल तर तो काढूनच घ्या. त्याला परवानगी नाही, आणि आखूड जागेत वळताना तो आधी आडवा येतो.

## टप्पा ८: आतली मांडणी

कॅमेरा चालकाशेजारच्या माणसाच्या पायांमध्ये, उघड्या तोंडाच्या पिशवीत. डॅशबोर्डवर नाही, मागच्या काचेजवळ नाही. अचानक ब्रेक लागला की दोन किलोची लेन्स कुठे जाईल, याचा विचार करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवा.

एसी हा पावसाळ्यातला छुपा शत्रू. गार वाहनातून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर धुकं बसतं आणि जायला दहा-पंधरा मिनिटं घेतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं. जागेवर पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली.

डिकीत कायमचं राहणारं सामान: बारा व्होल्टवर चालणारा हवा भरायचा पंप आणि हवेचा मापक, ट्यूबलेस पंक्चरचा संच, जंपर केबल, ओढायचा पट्टा, छोटं फावडं, रिकामी पोती चार, पिण्याचं पाणी पाच लिटर, डोक्यावर बांधायची बॅटरी, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि दोन पायऱ्यांचं स्टीलचं स्टूल. गवताच्या आणि कठड्याच्या वर कॅमेरा नेण्यासाठी स्टुलाइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. वाहनाच्या टपावर चढून पत्रा दबवणारे बघितले की हे स्टूल आठवतं.

पोती अडकलेल्या चाकापुढे अंथरायची. तेवढ्याने भागलं नाही तर ओढणाऱ्या चाकांतली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, हळूच बाहेर या, आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरा. हवा भरायचा पंप जवळ नसेल तर हवा काढू नका.

तपासा: घर सोडताना टाकी पूर्ण, अर्धी झाली की पुन्हा भरायची. पाठलागाच्या मध्यात लागलेला पंपाचा दिवा म्हणजे हातची गाडी गेली.

## टप्पा ९: जागेवर पोचल्यावर

१. वाहन आधी वळवा, परतीच्या दिशेने तोंड करून उभं करा, मग उतरा. गाडी गेल्यावर सगळेच निघतात.

२. फाटकाजवळ उभं करायचं असेल तर किमान शंभर-दीडशे मीटर अलीकडे. फाटक पडलं की रांग लागते, उलट बाजूची जागाही भरते, आणि तुम्ही मधे कोंडले जाता.

३. रेल्वेच्या हद्दीचे दगड किंवा कुंपण शोधा. वाहन आणि तुम्ही, दोघं त्याच्या बाहेर. विनापरवाना आत जाणं रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि बंद फाटक उघडणं कलम १६० खाली त्याहून गंभीर गुन्हा. रुळालगतचा देखभालीचा कच्चा रस्ता मोकळा दिसतो म्हणून त्यावर वाहन घालू नका.

४. वर तारा असतील तर त्यांत २५ हजार व्होल्ट आहेत. उड्डाणपुलावर स्टूल, मोनोपॉड, सेल्फी स्टिक, छत्री यातलं काहीही कठड्याबाहेर जाता कामा नये. दोन मीटरच्या आत येणं जिवावर बेतू शकतं, स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. पुलावर वाहन उभंही करू नका, मागून येणारा ट्रक चढावरून तुम्हाला शेवटच्या क्षणी बघतो.

५. हेडलाइट रुळाच्या दिशेला असतील तर विझवा. रात्री गाडीकडे बॅटरी हलवू नका: जोरात हलवलेला पांढरा दिवा हीसुद्धा रेल्वेत धोक्याची खूण आहे, आणि लोको पायलट गाडी थांबवू शकतो. लाल छत्री, लाल जॅकेट घरी ठेवा.

६. शेताच्या बांधावर, कुणाच्या फाटकात वाहन लावायचं तर आधी विचारा. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट ठेवा, आणि किल्ली घेऊन दूर जाऊ नका.

परत आल्यावर तळ त्याच दिवशी धुवा, कोकणातून आला असाल तर नक्कीच. लाल माती चाकांच्या कमानीत वाळली की ओल धरून ठेवते आणि तिथूनच गंज सुरू होतो. पायपोस उन्हात, दारं तासभर उघडी. कॅमेऱ्याची पिशवी वाहनात राहू देऊ नका: बंद, दमट डिकीत दोन आठवडे राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती साफ करायचा खर्च त्या महिन्याच्या पेट्रोलहून जास्त येतो.